वाटी सरकणे (किशोरवयातील)

गुडघ्याची वाटी तिच्या पन्हळीतून निसटून बाजूला, जवळजवळ नेहमी बाहेरच्या अंगाला, जाण्याची दुखापत. ती कोणत्याही वयात होऊ शकते, पण सर्वाधिक आढळते ती शाळा-कॉलेजच्या वयात. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो भागातल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्व वयांचा विचार करता पहिल्यांदाच वाटी सरकण्याचे प्रमाण वर्षाला दर लाखामागे सुमारे ६ होते. १० ते १७ या वयोगटात मात्र ते २९ भरले.

आधी एक घोटाळा दूर केलेला बरा. ‘गुडघा निखळला’ हे आपण दोन अगदी वेगळ्या दुखापतींना म्हणतो. मांडीचे हाड आणि नडगी एकमेकांपासून सुटली, तर गुडघ्यामागची रक्तवाहिनी दबू किंवा फाटू शकते. तिथे काही तासांत पाय गमावण्याची वेळ येते. पाऊल गार किंवा फिके पडले, बोटे बधिर झाली, तर हीच शंका घ्यावी. वाटी सरकणे त्या मानाने सौम्य. ही नोंद वाटीपुरती आहे.

रचना : वाटी हे स्नायूच्या कंडरेत घडलेले शरीरातले सर्वांत मोठे हाड. मांडीचा पुढचा स्नायू वरून तिला ओढतो, खालून ती कंडरेने नडगीच्या उंचवट्याला बांधलेली असते आणि मधल्या प्रवासात मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या पन्हळीतून वरखाली सरकते. गुडघा चांगला वाकला की वाटी पन्हळीत घट्ट बसते. धोका असतो तो पाय जवळजवळ सरळ असताना, म्हणजे पहिल्या ३० अंशांत, कारण तेव्हा ती पन्हळीत पुरती उतरलेली नसते. त्या टप्प्यात तिला बाहेर जाऊ न देण्याचे निम्म्याहून अधिक काम आतल्या बाजूचा एक पातळ, पट्टीसारखा अस्थिबंध करतो. वाटी सरकली म्हणजे हा अस्थिबंध ताणला किंवा फाटला असे धरून चालावे.

काहींची वाटी साध्या निमित्ताने का सरकते आणि काहींची पडूनझडूनही का सरकत नाही, याचे उत्तर बहुधा जन्मजात ठेवणीत असते: पन्हळ उथळ असणे, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असणे, गुडघे आत वळलेले असणे, सांधे लवचीक असणे. बोटे उलटी वाकणारी, अंगठा मनगटाला टेकवून मैत्रिणींना दाखवणारी मुलगी या शेवटच्या गटातली असू शकते. पन्हळीच्या उथळपणाला एवढे महत्त्व मिळाले ते फ्रान्समधील लियाँ येथील आँरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. त्यांचा यावरचा मूलभूत लेख १९९४ सालचा.

दुखापत कशी होते : नांदेड जिल्ह्यातील नायगाव तालुक्यातल्या कोणत्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खो-खोचा सराव पाहावा, म्हणजे पुस्तकातली आकृती जिवंत होते. चौकात उकिडवी बसलेली मुलगी ‘खो’ कानावर पडताच उठते, पाऊल जमिनीत रोवते आणि त्याच क्षणी अंग वळवते. नडगी जागच्या जागी, मांडी आत फिरलेली, गुडघा किंचित वाकलेला. वाटी निसटायला एवढे पुरते. कुणाचा धक्काही लागत नाही. कबड्डीत पकडीत अडकलेल्या पायावर आतल्या बाजूने आदळणे हे दुसरे कारण. लग्नात नाचताना, गाडीवरून उतरताना, ओल्या फरशीवर पाय घसरून सरकलेल्या वाट्याही काही कमी नसतात.

मूल खाली बसते, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला गाठोड्यासारखा उंचवटा दिसतो. मग कुणीतरी पाय धरते, तो सरळ होतो आणि ‘खट्’ असा आवाज होऊन वाटी परत जागेवर येते. बहुसंख्य वेळा दवाखाना गाठण्याआधीच हे घडून जाते. आणि इथेच, या लेखकाच्या मते, सगळा गोंधळ सुरू होतो. दवाखान्यात पोचतो तो फक्त सुजलेला गुडघा. ‘मुरगळला असेल’ म्हणून गोळ्या मिळतात, क्रेप बँडेज मिळते, सुटीही मिळते. निदान तेवढे मिळत नाही.

निदान : म्हणून हकीकतीला एक्स-रेइतकेच महत्त्व आहे. वाटी बाजूला गेलेली कुणी डोळ्यांनी पाहिली का, आवाज झाला का, सूज किती वेळात आली? दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचले असे समजावे. ते सुईने काढून वाडग्यात थोडे स्थिर होऊ दिले आणि वर रश्श्यावरच्या तर्रीसारखे चरबीचे थेंब तरंगले, तर हाडाचा तुकडा निघाल्याची दाट शंका येते. ती चरबी हाडातल्या मगजाची.

सूज ओसरल्यावरची एक तपासणी पाहण्यासारखी असते. डॉक्टर मुलाला पाय सैल सोडायला सांगतात आणि अंगठ्याने वाटी हळूच बाहेर ढकलू लागतात. दुखायच्या आधीच मूल मांडी ताठ करते, डॉक्टरांचा हात पकडते. वाटी आता जाणार, ही भीती. फेअरबँक यांनी १९३७ साली नोंदवलेली ही खूण आजही कामाची आहे. एक्स-रे समोरून, बाजूने आणि गुडघा वाकवून वरून असे तीन कोनांतून लागतात. तिसरा कोन नसेल तर पन्हळीची खोली कळत नाही. कूर्चेचा सुटा तुकडा एक्स-रेत सहज निसटतो. त्यासाठी एमआरआय.

प्रथमोपचार : वाटी अजून बाहेरच असेल तर मैदानावरच्या माणसाने ठोकून बसवायच्या भानगडीत पडू नये. पाय आहे त्या स्थितीत उशी-चादरीने आधारून १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. दवाखान्यात वाटी बसवणे तसे सोपे असते. मुलाला बसते करून, म्हणजे कमरेत वाकवून, मांडीचा स्नायू सैल करतात, गुडघा सावकाश सरळ करत नेतात आणि वाटीला आतल्या बाजूला हलका रेटा देतात. पहिल्या दिवसांत बर्फ, आराम, उंचावर पाय. तेल लावून मालीश आणि हाडवैद्याकडून ‘उतरवून घेणे’ या दोन्ही गोष्टी रक्त साचलेल्या गुडघ्याला त्रासच देतात.

विनाशस्त्रक्रिया उपचार : पहिल्यांदाच वाटी सरकली असेल आणि सुटा तुकडा नसेल तर सामान्यतः शस्त्रक्रिया करत नाहीत. याला चांगला आधार आहे. हेलसिंकीमध्ये १६ वर्षांखालील मुलांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फाटलेला अस्थिबंध लगेच शिवलेल्यांपैकी ६७ टक्क्यांची आणि न शिवलेल्यांपैकी ७१ टक्क्यांची वाटी पुन्हा सरकली. म्हणजे घाईने शिवून हाती फारसे काही लागले नाही.

पट्टा किंवा ब्रेस साधारण दोन-तीन आठवडे, काहींना थोडा अधिक काळ. सहा आठवड्यांचे कडक प्लास्टर ही जुनी रीत. त्यातून बाहेर येते ती काडीसारखी झालेली मांडी, आणि बारीक मांडी हेच पुढच्या वेळी वाटी सरकण्याचे निमंत्रण. खरा उपचार व्यायामाचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. मग सरळ पाय उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे, पुढे एका पायावर तोल. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर राहिले तर गुडघा पुन्हा आत वळतो, हे बरेचदा विसरले जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत उकिडवे बसणे आणि मांडी घालणे टाळावे लागते. वर्गात जमिनीवर बसणाऱ्या मुलाला खुर्ची द्यावी, घरात कमोडची खुर्ची आणावी. एसटीच्या उंच पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खेळाकडे परतायचे ते साधारण तीन-चार महिन्यांनी आणि तेही दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाल्यावर. पोलीस भरतीची तारीख जवळ आली म्हणून गुडघा लवकर बरा होत नाही.

पुन्हा सरकण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. हाडांची वाढ सुरू असणे, उथळ पन्हळ, उंच बसलेली वाटी आणि दुसऱ्या गुडघ्यात तीच दुखापत झालेली असणे, या चारही गोष्टी एकत्र आल्या तर धोका ८८ टक्क्यांपर्यंत जातो, असा अंदाज २०१७ साली अमेरिकेतील एका अभ्यासात मांडला गेला. अशा मुलाला ‘व्यायाम कर, बघू’ एवढेच सांगून पाठवणे पुरेसे नाही.

शस्त्रक्रिया : वाटी वारंवार सरकत असेल किंवा मोठा तुकडा निघाला असेल तर शस्त्रक्रिया. तुकडा ताजा व मोठा असल्यास परत बसवतात, बारीक असल्यास दुर्बिणीतून काढतात. वारंवारच्या तक्रारीत आतला अस्थिबंध नव्याने घडवतात. त्यासाठी त्याच मुलाच्या मांडीमागची एक कंडरा वापरतात.

किशोरवयाचा खरा पेच पुढे आहे. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या वाढीच्या पट्टीतून होते, आणि नवा अस्थिबंध जिथे रोवायचा ती जागा या पट्टीला जवळजवळ खेटून, किंचित खाली असते. छिद्र चुकून पट्टीत गेले तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर एक्स-रे यंत्राखाली जागा पुन्हा पुन्हा तपासतात. नडगीचा उंचवटा कापून सरकवण्याची मोठ्यांमधली शस्त्रक्रिया वाढ संपेपर्यंत वर्ज्य. मुलींत ती साधारण १४ व्या, मुलांत १६ व्या वर्षाच्या आसपास संपते. उलट, आत वळलेले गुडघे सरळ करायला हीच वाढ उपयोगी पडते: पट्टीच्या आतल्या बाजूला छोटी प्लेट बसवून तिकडची वाढ थोपवतात आणि पाय स्वतःच सरळ होत जातो. ही संधी वाढ संपली की गेली.

सवयीची वाटी : गुडघा वाकवला की दर वेळी वाटी बाहेर, सरळ केला की परत, आणि दुखणे जवळजवळ नाही, असा प्रकार वेगळा. यात मांडीचा स्नायू आखडलेला असतो. लहानपणी मांडीत वारंवार घेतलेल्या औषधी इंजेक्शनांनी स्नायू चिवट होऊन असे घडू शकते, याकडे गन यांनी १९६४ साली लक्ष वेधले. नेहमीच्या लसींचा याच्याशी संबंध जोडू नये. इथे स्नायू लांब केल्याशिवाय नुसता अस्थिबंध घडवून भागत नाही.

सोय : नायगावहून नांदेड सुमारे ५० किलोमीटर. तेथील विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय ही या भागातली मोठी सरकारी ठिकाणे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती: मैदानावर वाटी सरकली आणि आपोआप बसली, तर मुलाबरोबर एक चिठ्ठी द्या. तारीख, गुडघा डावा की उजवा, वाटी बाहेर गेलेली स्वतः पाहिली का, ही कितवी वेळ. दवाखान्यातल्या डॉक्टरला तो क्षण दिसलेला नसतो.