नाताळची सुट्टी शेतातल्या घरात : एकत्र कुटुंबाच्या सहलीचे नियोजन

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

नाताळची सुट्टी म्हटली की गोवा, महाबळेश्वर, कोकण ही नावे चटकन ओठांवर येतात. नेमक्या याच आठवड्यात तेथील गर्दी आणि दर शिगेला पोहोचलेले असतात. सोबत आजी-आजोबांपासून तान्ह्या नातवंडांपर्यंत बारा-पंधरा जणांचे कुटुंब असेल, तर निम्मी सुट्टी प्रवासातच सरते. त्यावर एक सोपा पर्याय म्हणजे शहरापासून तास-दोन तासांच्या अंतरावरील शेतातले घर किंवा कॉटेज तीन-चार दिवसांसाठी भाड्याने घेणे आणि सर्वांनी एकत्र राहणे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास त्यासाठी ठिकाणांची वानवा नाही आणि डिसेंबरअखेरची हवाही अनुकूल असते.

मात्र हॉटेलचा मुक्काम आणि भाड्याचे घर यांत मोठा फरक आहे. हॉटेलात स्वयंपाक, पाणी, वीज, सुरक्षितता यांची काळजी व्यवस्थापन घेते. भाड्याच्या घरात यातील बरीचशी जबाबदारी पाहुण्यांवर येते. म्हणूनच सहल आनंदाची होणार की मनस्तापाची, हे घर ठरवताना विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून असते.

आधी माणसे, मग तारखा

घर शोधण्याआधी येणाऱ्यांची यादी वयासह कागदावर मांडावी. किती जणांना जिना चढता येत नाही, कोणाला पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय लागते, किती लहान मुले आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. अनेकदा दोन मजली देखणे घर पसंत पडते आणि सर्व शयनकक्ष वरच्या मजल्यावर आहेत, हे पोहोचल्यावर कळते.

तारखांचा मेळ घालणे हे दुसरे काम. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असते. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा मात्र नाताळात आठवडाभर बंद राहतात. एकाच कुटुंबातील चुलत-आते भावंडांच्या सुट्ट्या त्यामुळे जुळत नाहीत. परदेशी स्थायिक झालेली मुले-नातवंडे तर बहुधा याच काळात येतात. शहरातील ख्रिस्ती कुटुंबांची २४ तारखेची रात्र आणि २५ ची सकाळ चर्चमधील प्रार्थना व भेटीगाठींत जाते. त्यांनी २५ च्या दुपारनंतर निघावे, हे सोयीचे.

२५ डिसेंबर २०२६ रोजी शुक्रवार आहे. त्यामुळे शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळतात. पण जागांसाठी चुरसही तेवढीच राहणार. अजिंठा लेणी सोमवारी, तर वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. मुक्काम २८ किंवा २९ डिसेंबरपर्यंत वाढवायचा असेल, तर हे वार आधीच पाहून घ्यावेत.

कोणत्या दिशेने?

वेरूळ-खुलताबाद-म्हैसमाळ : ज्येष्ठांसह जाणाऱ्या कुटुंबांना ही दिशा सर्वांत सोयीची. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, तर म्हैसमाळ सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६, प्रवेशद्वारासमोरच असल्याने फार चालावे लागत नाही. घृष्णेश्वर आणि भद्रा मारुती ही देवस्थाने जवळच आहेत. वाटेवरील देवगिरी किल्ल्याची चढण मात्र खडी असल्याने ती तरुण मंडळींसाठीच राखून ठेवावी. म्हैसमाळला पठारावरचा वारा बोचरा असतो. गरम कपडे जास्तीचे घ्यावेत.

फर्दापूर-अजिंठा : शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. येथे जाऊन-येऊन दिवस दमछाकीचा होतो; मुक्काम केल्यास लेणी सावकाश पाहता येतात. फर्दापूर फाट्यावर खासगी वाहने थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते. पायऱ्या चढता न येणाऱ्यांसाठी डोलीची सोय असते. लेण्यांमध्ये १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही.

पैठण-नाथसागर : सुमारे ५० किलोमीटर. संत एकनाथांचे पैठण आणि जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय हे येथील आकर्षण. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसह अनेक स्थलांतरित पाहुणे जलाशयावर उतरतात. दुर्बीण बरोबर असल्यास मुलांची सकाळ मजेत जाते.

कन्नड-गौताळा : कन्नड सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले गौताळा-औट्रम घाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून ते जळगाव जिल्ह्यातही पसरले आहे. या जंगलात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे अंधार पडल्यावर मुलांना घराच्या आवारातच ठेवावे. पितळखोरा लेण्यांकडे बऱ्याच पायऱ्या उतरून जावे लागते आणि तितक्याच परत चढाव्या लागतात, हे ज्येष्ठांना आधी सांगावे.

मुंबई, नाशिक किंवा नागपूरहून येणाऱ्या नातेवाइकांसाठी समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. माळीवाडा येथे उतरल्यास शहरात न शिरता दौलताबाद-वेरूळकडे वळता येते.

घर कोणत्या प्रकारचे?

पहिला प्रकार कृषी पर्यटन केंद्राचा. इटलीने शेतावरील पर्यटनासाठी १९८५ मध्येच स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात ही कल्पना पांडुरंग तावरे यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारामती परिसरातून पुढे नेली. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. येथे यजमान शेतकरी कुटुंब बहुधा शेतावरच असते, जेवण घरचे मिळते आणि अडचणीला माणूस हाकेच्या अंतरावर असतो. पावसावर विसंबलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्यासाठी हे पूरक उत्पन्नही आहे. नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

दुसरा प्रकार खासगी फार्महाऊसचा. एकांत अधिक, पण मालक अनेकदा शहरात आणि जागेवर केवळ राखणदार, अशी स्थिती असते. तिसरा प्रकार पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचा. फर्दापूर आणि लोणार येथे अशी सोय आहे. त्यात खोल्या वेगवेगळ्या असल्या तरी दर आणि नियम स्पष्ट असतात.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

संकेतस्थळावरील छायाचित्रे पावसाळ्यातील हिरवाईची असतात. डिसेंबरमध्ये जागा तशी दिसेलच असे नाही. अंतर कमी असल्याने कुटुंबातील एकाने एखाद्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन घर पाहावे. ते शक्य नसल्यास व्हिडीओ कॉलवर घर, स्नानगृह आणि रस्ता दाखवण्यास सांगावे. या प्रश्नांची उत्तरे लेखी, निदान मोबाइल संदेशावर, घ्यावीत :

- भाडे संपूर्ण घराचे की माणशी? कर, जेवण, बिछाने आणि साफसफाई त्यात धरली आहे का?
- किती पलंग, किती गाद्या, किती शौचालये? त्यांपैकी तळमजल्यावर किती?
- पाणी विहिरीचे, बोअरचे की टँकरचे? पिण्याच्या पाण्याची सोय काय?
- वीज गेल्यास इन्व्हर्टर किती तास चालतो? शेतीपंपाच्या वाहिनीवर दिवसभर वीज नसते, हे लक्षात घ्यावे.
- शेवटचा कच्चा रस्ता किती? मिनीबस दारापर्यंत येते का?
- मोबाइलला रेंज कोठे मिळते?
- सहल रद्द झाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत?

सुट्टीच्या तोंडावर बनावट संकेतस्थळे आणि खोट्या जाहिरातींद्वारे आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. 'आजच पूर्ण पैसे भरा, एकच घर उरले आहे' असा तगादा लागल्यास सावध व्हावे. पैसे परत मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक मुक्कामी असतील, तर त्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे यजमानावर बंधनकारक असते. त्यांची कागदपत्रे सोबत असावीत.

सुट्टी सर्वांची, स्वयंपाकघर कोणाचे?

भाड्याच्या घरात सर्वांत नाजूक प्रश्न स्वयंपाकाचा. खर्च वाचवण्यासाठी 'आपणच करू' असे ठरते आणि घरातील सुना-लेकी तीन दिवस पंधरा जणांच्या पोळ्या लाटण्यात अडकतात. ही त्यांची सुट्टी नव्हे. यजमान कुटुंब किंवा गावातील महिला बचत गट जेवण देऊ शकेल का, हे आधीच विचारावे आणि तो खर्च भाड्याइतकाच आवश्यक मानून अंदाजपत्रकात धरावा. स्वतःच करायचे असल्यास न्याहारी, भाज्या, भांडी यांची पाळी पुरुषांसह सर्वांत वाटून द्यावी. नाताळ पुष्कळदा मार्गशीर्षात येतो. गुरुवारचे व्रत, सामिष-निरामिष भोजन, मधुमेहींचे पथ्य यांची कल्पना स्वयंपाक करणाऱ्यास आठवडाभर आधी द्यावी.

शेतावर राहून शहरी पदार्थांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. या दिवसांत उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, ऊस सहज मिळतात आणि सर्वांत मोठे आकर्षण असते हुरड्याचे. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे तळहातावर चोळून काढायची आणि शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, गूळ यांच्याबरोबर खायची. रब्बी ज्वारीची पेरणी लांबली असल्यास नाताळात दाणा भरलेला नसतो. हुरड्याचा खरा बहर जानेवारीत. त्यामुळे 'हुरडा नक्की मिळेल का' हे जाहिरातीवरून न ठरवता शेतकऱ्यालाच विचारावे. कुटुंबाने शेतावर जाऊन जेवण्याची प्रथा मराठवाड्याला नवी नाही. लातूर-धाराशिव भागात वेळ अमावास्येला घरेच्या घरे भज्जी-आंबील घेऊन शेतात जातात.

पाणी, आग आणि औषधे

शेतावरील सर्वांत मोठा धोका पाण्याचा. प्लास्टिकचे अस्तर असलेले शेततळे मुलांना पोहण्याच्या तलावासारखे भासते. पण ओल्या, उतरत्या प्लास्टिकवर पाय टिकत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण जाते. शेततळ्यास कुंपण नसेल, विहिरीला कठडा नसेल, तर लहान मुलांसह तेथे मुक्काम करू नये. कुंपण असले तरी एका वेळी एक मोठा माणूस केवळ मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी नेमावा. सर्वांचे लक्ष आहे, असे प्रत्येकाला वाटते तेव्हाच कोणाचेच नसते.

दुसरा धोका आगीचा आणि धुराचा. रात्री गारठा वाढला म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच घात करतो. गॅसचा गिझर असलेल्या स्नानगृहाला हवा खेळती राहील अशी खिडकी हवी. शेकोटी कडब्याच्या गंजीपासून दूर पेटवावी आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून विझवावी.

ज्येष्ठांची औषधे मुक्कामापेक्षा दोन दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत. जवळचे शासकीय रुग्णालय तालुक्याच्या गावी किती अंतरावर आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावेत. रात्री अंगणात जाताना विजेरी आणि पादत्राणे विसरू नयेत.

गावाचे पाहुणे

शेतकऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकांवर निर्बंध असतात. सणासाठी सवलत द्यायची की नाही, हे प्रशासन ठरवते. उभ्या पिकात शिरणे, न विचारता हरभरा उपटणे, प्लास्टिक बांधावर टाकणे टाळावे. शेतमाल आवडल्यास तो थेट यजमानाकडून विकत घ्यावा.

नियोजनाचे वेळापत्रक

दोन महिने आधी : माणसांची यादी, तारखा आणि माणशी वर्गणी ठरवावी. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते; बाहेरगावच्या नातेवाइकांनी तो दिवस चुकवू नये.

दीड महिना आधी : दोन-तीन घरे पाहून एक निश्चित करावे. आगाऊ रक्कम भरून पावती घ्यावी.

एक महिना आधी : वाहन ठरवावे. भाड्याचे वाहन पिवळ्या क्रमांकपट्टीचे, म्हणजे प्रवासी परवान्याचे असावे.

एक आठवडा आधी : जेवणाची यादी, पथ्ये आणि पोहोचण्याची वेळ यजमानास कळवावी. हिशेब एकाच व्यक्तीकडे सोपवावा.

निघण्याच्या दिवशी : अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे. सामान उतरवण्याआधी विहीर, शेततळे, गिझर आणि वीजजोडण्या मोठ्यांनी फिरून पाहाव्यात आणि मगच मुलांना अंगणात सोडावे.