लग्नाची कॅसेट आणि मोडीचा रुमाल : खान्देशातील घरगुती चित्रफिती कोणत्या स्वरूपात जपाव्यात?

वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले, घरोघरची दप्तरे उघडून बसले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आज धुळे-जळगावच्या घरांत, माळ्यावर आणि कपाटांच्या तळाशी, दुसरेच एक दप्तर पडून आहे : लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी. हा थ्रेड त्या दप्तराविषयी.

त्यात जपण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. अहिराणी ही मुख्यतः मुखी नांदलेली भाषा. खान्देशच्याच बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक होऊ शकले. शब्द वाचले, पण गळ्यातला हेल, ओवी थांबते ती जागा, मागून साथ देणाऱ्या बायकांचा सूर कागदावर उतरत नाही. हळदीची, आखाजीच्या झोक्याची, कानबाईची गाणी अनेक घरांत प्रथम ध्वनीसह नोंदली गेली ती या कॅसेटवरच.

आणि येथेच पहिली मेख आहे. ‘मिक्सिंग’ करताना व्हिडिओवाला बहुधा मूळ आवाज काढून त्यावर हिंदी चित्रपटगीत चढवी. नवरीला हळद लागते आहे, बायकांचे ओठ हलताहेत, आणि ऐकू येते ते लता मंगेशकरांचे गाणे! इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर कच्ची टेप हा अस्सल कागद, आणि सजवलेली कॅसेट ही नंतर रचलेली बखर. दोन्ही सापडल्या आणि एकच जपणे शक्य असेल, तर निःसंकोचपणे कच्ची टेप निवडावी.

कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र फिकट होई. नकलेची नक्कल तर अधिकच. नकलकाराने एक अक्षर चुकवावे आणि पुढच्याने त्यावर दुसरी चूक रचावी, असा हा प्रकार. या साधनांची ताकदही कमी नव्हती. १८६९ पर्यंत खान्देशात मोडणाऱ्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट हाताशी असलेल्या घरगुती साधनांवरच उभा केला.

मग व्हीसीडी आली. स्वस्त, सुटसुटीत, एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटे. पण किंमत चित्राने मोजली : आपल्या पाल पद्धतीच्या ५७६ ओळींपैकी २८८ उरल्या. अनेकांनी चकती भरताच कॅसेट टाकून दिली. माझ्या मते घरगुती चित्रणाच्या इतिहासातील ही सर्वांत महागडी स्वस्ताई. २०१६ साली व्हीएचएस यंत्रांचे शेवटचे मोठे उत्पादनही थांबले. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, ४५ अंशांच्या घरातला. टेप वाट पाहत नाही.

आता एक्सपोर्टच्या खिडकीकडे. तेथील ‘एमपी४’ आणि ‘एच.२६४’ हे शब्द एकच वाटतात. ते तसे नाहीत. पेशवे दप्तरातील कागद रुमालात बांधलेले असतात आणि कागदावर मोडी असते. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे रुमाल, एच.२६४, एमपीईजी-२ या आतल्या लिप्या. रुमाल बदलला तरी मजकूर बिघडत नाही. लिपी बदलताना मात्र प्रत्येक वेळी काही गळते. मोडी वाचणारे आज किती उरले आहेत, हे आपण जाणतोच; म्हणून लिपी अशी निवडावी की जी सर्वत्र वाचली जाते. २००३ चे एच.२६४ आजही जवळजवळ प्रत्येक यंत्र वाचते. २०१३ चे एच.२६५ जागा वाचवते, पण जुनी यंत्रे अडतात.

जतनाची प्रत शक्य तितकी कमी दाबलेली असावी. हौस आणि जागा असेल तर एमकेव्हीमध्ये एफएफव्ही१, ज्यात काहीच गळत नाही; नाहीतर डीव्ही, ताशी सुमारे १३ गिगाबाइट. पाहण्यासाठी निराळी प्रत : एमपी४, एच.२६४, ८ मेगाबिटचा बिटरेट, म्हणजे ताशी साधारण साडेतीन गिगाबाइट. गती २५ फ्रेमच ठेवावी. ३० केल्यास वरात अडखळत चालते. पालमध्ये चित्र विषम आणि सम ओळींच्या दोन हप्त्यांत येते. जतनाच्या प्रतीत ते तसेच राहू द्यावे, ‘डीइंटरलेस’ फक्त पाहण्याच्या प्रतीत. आकार ४:३ ठेवावा. ताणून रुंद केले की सगळे वऱ्हाडी जाडे दिसतात. ‘फोरके’चा मोह टाळावा, कारण टेपवर जे नव्हते ते त्यातून येत नाही. आवाजावर कंजुषी नको : एएसी २५६ किलोबिट घ्यावे, गाणी तेथेच आहेत. व्हीसीडीतील डॅट किंवा डीव्हीडीतील व्हीओबी फाइल पुन्हा न दाबता आधी जशीच्या तशी उतरवून घ्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून, अन्यथा ते पुन्हा दाबले जाते.

फाइलच्या नावात साल, गाव आणि प्रसंग लिहावा. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी : कोणत्या मिनिटाला कोणते गाणे, गाणारी कोण, तिचे माहेर कोणते. ही माहिती आज आजीला विचारता येते.