ब्रोकन हिलचा फेस

ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे १८८३ साली शिसे, रुपे व जस्त यांचा मोठा साठा सापडला. खनिजाचा चुरा पाण्यात घुसळला की शिशाचे खनिज तळाशी बसे. कारण ते पाण्याच्या साडेसातपट जड. जस्ताचे खनिज मात्र चौपटच, आणि सोबतचा निरुपयोगी दगडही जवळजवळ तितकाच जड! तेव्हा जस्त वेगळे निघेना, आणि जस्तयुक्त चुऱ्याचे लक्षावधी टनांचे ढीग गावाशेजारी साचले.

तेलकट पाण्यात बुडबुडे सोडले, की गंधकयुक्त खनिजाचे कण त्यांना चिकटून फेसासह वर येतात, ही युक्ती कामी आली. तिच्याविषयी एक गोष्ट लोक आवडीने सांगतात : एक शिक्षिका तेलकट पोती धूत होती आणि शोध लागला. आम्हांस ती पटत नाही. कॅरी एव्हरसन या शिकागोच्या एका डॉक्टरांच्या पत्नी. १८८६ साली त्यांना मिळालेल्या पेटंटात तेलाबरोबर आम्लही आहे. आमच्या मते खरी मेख त्या आम्लात आहे.

ब्रोकन हिलला १९०२च्या सुमारास पॉटर व डेलप्रॅट यांनी गरम आम्लाचेच पाणी वापरले. खनिज वर आले खरे, पण आम्लात शिसे आणि जस्त हातात हात घालून येत. असला मिश्र माल भट्टीवाल्याला नको असे. १९१२ साली लिस्टर यांनी आम्ल टाकून दिले. उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात शिसे आधी वर आले, जस्त मागे राहिले. त्या जस्ताला उठवले ब्रॅडफर्ड यांनी, आणि तेही आपल्या परिचयाच्या मोरचुदाने! त्यातले तांबे जस्ताच्या कणावर पातळ थर धरते, आणि मग तो कण बुडबुड्याला चिकटतो. पुढे १९२२ साली सायनाइडची जोड मिळाली. तो जस्ताला खाली दाबून ठेवतो. कण तोच, पाणी बदलले की वागणूक बदलते.

हे मोजून दाखवले मेलबर्नच्या इयान वॉर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९३०नंतरच्या दशकात. झँथेट हे द्रव्य ठरावीक प्रमाणात घातले, तर लोहगंधकाच्या कणाला पीएच सुमारे १०.५च्या वर बुडबुडा धरत नाही. तांब्याच्या चॅल्कोपायराइटला मात्र सुमारे ११.८पर्यंत धरतो. मग तांब्याच्या कारखान्यात चुन्याची निवळी घालून पीएच ११च्या आसपास राखला, की तांबे वर आणि लोह खाली.