‘हजाम’ शब्दाची कुळकथा व आजच्या जाहिराती



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘दूरचित्रवाणीवरील जाहिराती व आपला समाज’ या विषयावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. हा विषय तरुणांचा. मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाचा नव्हे, असे प्रथम वाटले. परंतु विचार करता असे ध्यानात आले की, जाहिरातीत आपली जी थट्टा होते ती जाहिरातवाल्यांनी नवीन शोधून काढलेली नाही. ती त्यांनी आपल्याच भाषेच्या कोठारातून उसनी घेतलेली आहे. तेव्हा आधी त्या कोठाराची झडती घेणे इष्ट होय.

हिंदी जाहिरातींत काही माणसे साच्यातून काढल्यासारखी येतात. मोलकरीण असेल तर ती नऊवारी नेसलेली व मोडकी हिंदी बोलणारी मराठी बाई. हवालदार असेल तर तोही मराठी व मंदबुद्धीचा. मराठी कार्यक्रमांत हसू आणावयाचे असेल तर आपली वऱ्हाडी बोली कामास येते. आणि न्हावी असेल तर तो बडबड्या, चुगलखोर, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्रीची कुरकुर करीत गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या सांगणारा. पन्नास वर्षांत मी न्हाव्याचे काम कुशलतेचे काम म्हणून दाखविणाऱ्या जाहिराती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या.

आता शब्दाकडे वळू. ‘हजामत करणे’ म्हणजे फसविणे अगर खरडपट्टी काढणे, ‘बिनपाण्याने करणे’ म्हणजे त्याहून वाईट, हे वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. शाळेत मुलांच्या भांडणात ‘हजाम’ हा शब्द शिवीसारखा फेकला जातो, तो मी बत्तीस वर्षे ऐकला. परंतु हा शब्द मूळचा आहे तरी काय? अरबी भाषेत ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून शरीरातील दूषित रक्त काढण्याचा उपचार, आणि तो करणारा तो ‘हज्जाम’. म्हणजे हा शब्द मुळात उपचार करणाऱ्याचा आहे. दाढी करणे हे त्याचे दुसरे काम. तसेच ‘न्हावी’ या शब्दाचे. तो संस्कृत ‘नापित’ व प्राकृत ‘ण्हाविअ’ यांच्या कुळातला असून त्याचा संबंध स्नानाशी, न्हाऊ घालण्याशी जोडला जातो. मंगलकार्यात वरास न्हाऊ घालणारा, अशौच फिटविताना ज्याच्या हाताशिवाय शुद्धी नाही असा हा माणूस. या दोन्ही शब्दांत निंदेचा एक कणही नाही.

‘रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण तर शाळेच्या पुस्तकातून आम्हीच मुलांस शिकविली. काम नसलेला माणूस निरर्थक उद्योग करतो, एवढाच तिचा अर्थ आपण सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तीच म्हण साक्षीदारासारखी उभी करावी. न्हाव्याच्या हातात तुंबडी होती, हे ती म्हण सांगते. गावात दवाखाना नव्हता, तेव्हा गळू फोडणे, काटा काढणे, जळवा व तुंबड्या लावणे, दुखरे दात उपटणे ही कामे त्याच्याकडे होती. आणि पुष्कळ गावी बाळंतिणीच्या उशाशी त्याच्या घरची बाई बसत असे. म्हणीने त्या वैद्याला हसण्यावारी नेले, आणि पुढे तुंबडी गेली तेव्हा केवळ हसणे उरले.

आपल्या वऱ्हाडात न्हाव्यास ‘म्हाली’ म्हणण्याचा प्रघात होता. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांताच्या जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही आपल्या जातीच्या नावांत हे नाव नोंदलेले आहे. (आपला जिल्हा तोवर यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला होता, १९०५ पूर्वी त्यास वणी जिल्हा म्हणत.) सदर ग्रंथात न्हावी हा गावचा शल्यवैद्य होता, लग्ने जुळविण्यात त्याचा हात असे, मिरवणुकीत मशाल धरण्याचे काम त्याच्याकडे असे, हे सारे आहे. परंतु त्याच ग्रंथाने, आणि त्या काळच्या तशाच इतर सरकारी ग्रंथांनी, प्रत्येक जातीच्या माथ्यावर तिच्याविषयीच्या उपहासाच्या म्हणीही चिकटवून ठेविल्या. चावडीवर जे बोलले जाई ते छापले गेले, आणि छापलेले प्रमाण मानले गेले. संस्कृत सुभाषितकारही मागे राहिले नाहीत. माणसांत धूर्त कोण तर न्हावी आणि पक्ष्यांत कोण तर कावळा, अशी वाटणी त्यांनी फार पूर्वीच करून ठेविली आहे.

माझे वडील धोकटी खांद्यास लावून तीन गावे फिरत. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नराणी, चिमटा, वाटी, लहानसा आरसा आणि वस्तरा लावण्याची चामड्याची पट्टी. वर्षाचे बलुते खळ्यावर मिळे. ज्वारी मोजताना हात आखडता घेणारे लोक होते आणि ओंजळभर अधिक टाकणारेही होते, हे दोन्ही सांगितले पाहिजे. मात्र खळ्यावर वडिलांना ‘ये रे म्हाल्या’ अशी हाक मारणारा मनुष्य रात्री पोराच्या मांडीवरचे गळू ठणकू लागले म्हणजे ‘दादा, जरा येता का’ असे म्हणत दारी येई. एकाच तोंडातील या दोन हाकांमध्ये आपल्या समाजाचा अर्धा इतिहास सामावला आहे.

आता त्याच भाषेतील दुसरी बाजू पाहू. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हणही मराठीच आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार जिवा महाला यांनी झेलला नसता तर पुढील इतिहास कसा झाला असता, हे सांगावयास नको. त्याच्या पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावे म्हणून शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसले व प्राणास मुकले. संत सेना महाराजांनी तर आरसा, चिमटा ही आपल्या धंद्याची हत्यारेच अभंगात घेऊन विवेकवैराग्य शिकविले. त्यांना धंद्याचे नाव लपवावेसे वाटले नाही. श्रावण वद्य द्वादशीस आपण त्यांची पुण्यतिथी करतो तेव्हा ही गोष्ट कितीजण सांगतात?

आणि १८९० सालचा मुंबईतील प्रसंग. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी एकत्र जमले आणि विधवा स्त्रियांचे केशवपन आम्ही यापुढे करणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. ज्या कामाचे पैसे मिळत होते ते काम त्यांनी अधर्म म्हणून नाकारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महात्मा फुले निवर्तले. गरिबांच्या पोटाशी गाठ असूनही परक्या घरच्या स्त्रीच्या मानासाठी वस्तरा खाली ठेवणारी ही माणसे होती. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जाहिरातीचे तर नावच नको.

वस्तऱ्याची जाहिरात मात्र न्हाव्यास वगळूनच जन्मास आली. अमेरिकेत किंग कँप जिलेट यांचा बदलत्या पात्याचा वस्तरा १९०३ मध्ये बाजारात आला. पहिल्या वर्षी अवघे ५१ वस्तरे व १६८ पाती विकली गेली. पुढे खप वाढला तो जाहिरातीच्या जोरावर, आणि तिचे सांगणे सरळ होते : धार लावणे नको, न्हाव्याकडे ताटकळणे नको, पैसे वाचवा. हा व्यापार आहे. त्यात अपमान नाही. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून. खेड्यांतील ग्रामपंचायतींत पुढे दूरदर्शन संच आले, तेव्हा मालिकेपेक्षा जाहिराती मुलांना अधिक पाठ असत. एखाद्या जाहिरातीतील न्हाव्याच्या नकला दुसऱ्या दिवशी वर्गात होत, आणि आपल्या घरचे पोर मान खाली घालून बसे. पालकाचा व्यवसाय लिहा म्हटले की ते ‘मजुरी’ लिही.

आता २००९ सालची गोष्ट. ‘बिल्लू बार्बर’ नावाचा हिंदी चित्रपट फेब्रुवारीत यावयाचा होता. प्रियदर्शन हे दिग्दर्शक, इरफान खान न्हाव्याच्या भूमिकेत आणि निर्मात्यांत शाहरुख खान. मुंबईच्या केशकर्तनालय व्यावसायिकांच्या संघटनेने ‘बार्बर’ हा शब्द हीनतादर्शक असल्याची हरकत घेतली. निर्मात्याने ती मान्य केली, शब्द गाळला, रस्त्यांवरील जाहिरातफलकांवर तो झाकण्यात आला आणि चित्रपट नुसता ‘बिल्लू’ या नावाने लागला. आपल्या पुष्कळ बांधवांना तो विजय वाटला. संघटनेच्या शक्तीचा तो विजय होता, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या कथेतील न्हावी स्वाभिमानी आहे. मोठा झालेला मित्र गावात येतो तरी तो त्याच्यापुढे हात पसरीत नाही. अशा कथेवरून आपल्या धंद्याचे नाव पुसून आपण काय मिळविले? ज्या नावात निंदा नव्हती ते नाव आपणच निंद्य ठरविले, असे मला वाटते. काही ज्येष्ठ बांधवांस हे मत रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

खरी हरकत घ्यावयाची ती निराळ्या ठिकाणी. २००७ मध्ये ‘आजा नचले’ या चित्रपटाच्या गीतात चर्मकार व सोनार यांची उच्चनीच तुलना करणारी ओळ होती. उत्तर प्रदेशात चित्रपटावर बंदी आली, तेव्हा निर्मात्यांनी क्षमा मागून ती ओळ काढली. जून २०२३ मध्ये झोमॅटो या अन्नपदार्थ पोचविणाऱ्या कंपनीने पर्यावरण दिनाची जाहिरात काढली. ‘लगान’ (२००१) चित्रपटातील ‘कचरा’ हे अस्पृश्य पात्र, ते काम करणाऱ्या त्याच नटास घेऊन, कोठे दिवा, कोठे कागद, कोठे झारी असे दाखविले. टाकाऊ वस्तूंपासून टिकाऊ वस्तू, हा त्यातील विनोद. माणसाच्या नावावर कोटी करून माणसालाच वस्तू केले! दिग्दर्शक नीरज घायवान यांनी जाहीर निषेध केला, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. त्या जाहिरातीत शिवीचा एकही शब्द नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शब्द शोधीत बसणाऱ्यास ती निर्दोषच वाटली असती.

हे दुखणे केवळ आपल्या देशाचे नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये मक्याच्या चिप्सच्या जाहिरातीसाठी ‘फ्रिटो बँडिटो’ नावाचा मेक्सिकन दरोडेखोर दूरचित्रवाणीवर आणला गेला. मिशा, मोठी टोपी, मोडके इंग्रजी आणि कामधंदा म्हणजे लोकांचा खाऊ चोरणे. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी चिकाटीने विरोध केला. १९७१ च्या सुमारास ते चित्र बंद झाले. ‘आंट जेमायमा’ या पिठाच्या पाकिटावरील काळ्या दासीचे चित्र १८८९ पासूनचे. ते काढून टाकण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्याकडे नियम आहेत, पण ते समाजात फारसे कोणास ठाऊक नाहीत. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील सातव्या नियमानुसार कोणत्याही वंशाची, जातीची, वर्णाची, पंथाची वा राष्ट्रीयत्वाची हेटाळणी करणारी जाहिरात दाखविता येत नाही. जाहिरातदारांनी स्वतःच १९८५ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही तसेच कलम आहे, आणि २००६ पासून ती संहिता केबल वाहिन्यांवरील जाहिरातींना लागू करण्यात आली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार अनुसूचित जाती-जमातींना आहे. आपण महाराष्ट्रात इतर मागासवर्गात असल्याने तो आपणांस लागू नाही. आपल्यासाठी राष्ट्रीय मागासवर्ग आयोग आहे, व त्यास २०१८ पासून घटनात्मक दर्जा आहे. परिषदेकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, वकील नाही. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, मालाचे नाव आणि हरकत नेमकी कशास आहे, एवढे स्वच्छ लिहावे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढेच लिहिल्याने भागत नाही. हेटाळणी कशात आहे ते दाखविता आले पाहिजे.

जाता जाता एका जाहिरातीचे कौतुकही केले पाहिजे. ज्या जिलेट कंपनीचा उल्लेख वर आला तिनेच २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील एका खेड्यातल्या दोन बहिणींची जाहिरात दाखविली. वडील आजारी पडल्यावर मुलांचा वेष करून त्यांनी दुकान चालविले होते. कंपनीस माल विकावयाचा होता हे खरे; तरीही त्यात वस्तरा धरलेला हात सन्मानाने दिसला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्याच्या शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर लेकींसाठी वस्तरा हाती घेतला, तो त्याच्या कितीतरी वर्षे आधी.

पुढील स्मरणिकेसाठी एक विनंती आहे. वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, केळापूर या भागांतील ज्या घरी आजोबांच्या काळची तुंबडी, शिंगी, नराणी अगर धोकटी अद्याप शिल्लक असेल, त्यांनी तिचे छायाचित्र व ती कोण वापरीत असे याची चार ओळींची माहिती कार्यालयाकडे पाठवावी. गळवांवर व जखमांवर लावावयाची औषधे ठाऊक असलेली वृद्ध माणसे हयात असतील तर त्यांची नावेही कळवावीत. त्यांच्याकडे जाऊन लिहून घेण्याचे काम मी करीन. प्रवासखर्चाचा भार मंडळावर पडणार नाही.