अलाबामा विद्यापीठ : आदेशापासून प्रवेशापर्यंत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी सरकारी शाळांमधील वर्णाधारित विभाजन घटनाबाह्य ठरविले. तथापि, दक्षिणेकडील राज्यांच्या विद्यापीठांची दारे या निकालाने आपोआप उघडली नाहीत. अलाबामा राज्यात टस्कलूसा येथील विद्यापीठाचा इतिहास याची साक्ष देतो.

ऑथरीन ल्युसी आणि पॉली ॲन मायर्स या दोन तरुणींनी १९५२ मध्ये तेथे अर्ज केले. ते मंजूरही झाले. मात्र अर्जदार कृष्णवर्णीय असल्याचे कळताच मंजुरी मागे घेण्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले थरगुड मार्शल हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. १९५५ मध्ये न्यायालयाने ल्युसी यांच्या बाजूने निर्णय दिला. मायर्स यांना विद्यापीठाने त्यानंतरही प्रवेश दिला नाही. त्यामुळे ३ फेब्रुवारी १९५६ रोजी ल्युसी एकट्याच वर्गात दाखल झाल्या. वसतिगृह आणि भोजनगृह त्यांच्यासाठी बंदच होते.

६ फेब्रुवारी रोजी संतप्त जमावाने त्यांच्यावर अंडी व दगड फेकले. पोलिसांच्या मोटारीतून त्यांना बाहेर न्यावे लागले. त्याच दिवशी, सुरक्षिततेचे कारण देऊन, विद्यापीठाने ल्युसी यांनाच निलंबित केले. कायदा मोडला जमावाने आणि शिक्षा झाली विद्यार्थिनीला! विद्यापीठाचे जमावाशी संगनमत असल्याचा आरोप त्यांच्या वकिलांनी केला होता. त्याचाच आधार घेऊन त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना कायमचे काढून टाकण्यात आले. त्यांनी वर्गात उपस्थिती लावली ती अवघे तीन दिवस.

शेजारच्या मिसिसिपी राज्यात १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून उसळलेल्या दंगलीत दोघांचा बळी गेला. तेथे केंद्र सरकारला सैन्य पाठवावे लागले. अलाबामात ११ जून १९६३ रोजी राज्यपाल जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड दल केंद्राच्या अखत्यारीत घेतल्यानंतरच ते बाजूला झाले आणि व्हिव्हियन मलोन व जेम्स हूड यांची नोंदणी झाली. त्याच रात्री केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून नागरी हक्क विधेयकाची घोषणा केली. मलोन यांनी १९६५ मध्ये पदवी संपादन केली. हा मान मिळविणाऱ्या त्या या विद्यापीठातील पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या.

ल्युसी यांच्यावरील कारवाई मात्र १९८८ पर्यंत कायम होती. ती रद्द झाल्यावर त्यांनी पुन्हा प्रवेश घेतला आणि १९९२ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली. त्याच समारंभात त्यांच्या कन्येलाही पदवी प्रदान करण्यात आली. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यापीठाच्या एका इमारतीला ल्युसी यांचे नाव देण्यात आले. त्या इमारतीला आधी बिब ग्रेव्ह्‌ज यांचे नाव होते. ते राज्याचे माजी राज्यपाल तर होतेच, शिवाय वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटनेचे नेतेही होते. या समारंभाला ल्युसी उपस्थित होत्या. त्यानंतर पाचव्या दिवशी, २ मार्च रोजी, त्यांचे निधन झाले.