टॉवेलचा तेरा आकडी नंबर

६३०२ हा आकडा सोलापुरातल्या प्रत्येक टॉवेलवाल्याला पाठ आहे. जीएसटीच्या बिलावर तो रोजच लिहावा लागतो. पण लष्करी सामानाच्या यादीत हाच टॉवेल ७२१० या वर्गात बसतो, हे किती जणांना ठाऊक आहे? ६३०२ वरून फक्त कर ठरतो. लष्कराच्या नंबरवरून नेमका कुठला टॉवेल हवाय ते कळतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडे माल ढीगभर होता, पण भूदल, नौदल, प्रत्येकाने एकाच वस्तूला आपापलं नाव आणि आपापला नंबर दिलेला. इकडे बेअरिंग नाही म्हणून काम अडलेलं, तिकडे तेच बेअरिंग वेगळ्या नावाने धूळ खात पडलेलं! पैसा मात्र दोनदा खर्च. १९४५ मध्ये रूझवेल्टनी सरकारी मालाची एकच यादी करायला सांगितलं, १९५२ मध्ये तसा कायदा झाला. नाटो देशांनीही ती पद्धत घेतली. १९७४ मध्ये अमेरिकेचा ११ आकडी नंबर १३ आकडी झाला, वाढलेले दोन आकडे देशाचे.

तर पहिले चार आकडे वर्गाचे. ७२१० म्हणजे टॉवेल, चादरी, ब्लँकेट, गाद्या. पुढचे दोन नंबर देणाऱ्या देशाचे, भारताचा ७२. (गटही ७२, देशही ७२, निव्वळ योगायोग.) शेवटच्या सात आकड्यांना स्वतःचा काही अर्थ नाही, आणि मला वाटतं खरी हुशारी तिथेच आहे. माप बदललं, रंग बदलला की नंबर नवा. पण दोन कारखान्यांचा माल सगळ्या बाबतीत सारखा असेल, तर नंबर एकच.

आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळातली यादी होतीच, त्यात साठच्या दशकात रशियन मिग विमानं आली, त्यांचे सुटे भाग रशियन नंबरांचे. १९६२ मध्ये संरक्षण मंत्रालयात मानकीकरण संचालनालय सुरू झालं. आपण नाटोत नाही, तरी नंबरांची पद्धत तीच वापरतो.

याचा सोलापूरला काय उपयोग? संरक्षण मंत्रालयाचं 'सृजन' पोर्टल २०२० पासून सुरू आहे. परदेशातून आणावे लागणारे भाग तिथे याच गट-वर्गांनुसार दिलेले असतात. आपण चर्चा करतो फक्त चादरीची, पण कॅमशाफ्टही याच गावात बनतात. डिझेल इंजिनाच्या भागांचा वर्ग २८१५, स्क्रूचा ५३०५, बेअरिंगचा गट ३१. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांनी तिथे वस्तूचं नाव टाकून शोधत बसू नये, एकाच भागाला दहा नावं असतात. आधी आपला वर्ग बघा. आणि उद्योजकांच्या संघटनांनी हे वर्ग मराठीत छापून वाटले, तर खर्च तो किती येणार आहे?