अंगठ्याची खूण

व्याख्यात्याच्या मुखातून निघालेला शब्द आणि पडद्यावर उमटणारे चित्र यांची गाठ नेमक्या क्षणी पडावी, यासाठी पडद्याआड कोणाचा तरी हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आला आहे. पण काम बिनचूक झाले की प्रेक्षकाला त्या हाताची आठवणही राहत नाही, आणि म्हणूनच त्याची कहाणी सांगणे मला अगत्याचे वाटते.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हॉयगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास सिद्ध केलेला चित्रकंदील एकोणिसाव्या शतकात युरोपातील व्याख्यानगृहांत स्थिरावला, तेव्हा वक्ता पुढे आणि कंदील चालविणारा मागे, अशी कामाची वाटणी पडली. वक्त्याने काठीने जमिनीवर टकटक केली किंवा घंटी वाजविली, की मागच्या माणसाने पुढची काचपट्टी सरकवावयाची. कंदिलाच्या भिंगातून चित्र उलटे पडत असल्यामुळे काच खाली डोके वर पाय अशी घालावी लागे, आणि अंधारात चूक होऊ नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यात छोटासा ठिपका चिकटविलेला असे. त्या ठिपक्यावर अंगठा टेकवून काच उचलली, की ती कशी घालावयाची याचा संशय उरत नसे.

पुढे दोन कंदिलांचे झोत पडद्यावर एकाच जागी पाडण्याची तजवीज झाली. एका कंदिलाच्या वायूची तोटी हळूहळू आवळीत दुसऱ्याची सैल केली, की हिरवेगार रान प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हिमाच्छादित होई. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत या विलीन होणाऱ्या दृश्यांचा मोठा लौकिक झाला.

आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या पुत्रांच्या साहाय्याने १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने असेच खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायेची आठवण करून देणाऱ्या या खेळात हाताने रंगविलेल्या काचांवरील पौराणिक प्रसंग एकाहून अधिक कंदिलांच्या योगाने चालतेबोलते भासत, आणि निवेदन व संगीत यांची त्यांना जोड असे. निवेदकाचे वाक्य आणि काच बदलणारा हात यांत क्षणाचे अंतर पडले असते, तर सारी माया तेथल्या तेथे विरली असती.

विसाव्या शतकाने ही वाटणी मोडली. कोडॅक कंपनीच्या १९६१ च्या कॅरौसेल यंत्रात ८० पारदर्शिकांचे चक्र बसू लागले आणि ते फिरविण्याचे बटण तारेच्या टोकाशी थेट वक्त्याच्या हाती आले. १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी पॉवरपॉइंट निघाले, आणि पुढे हळूहळू काचही गेली आणि फिल्मही गेली.

परंतु थेट प्रक्षेपणाने जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. २०१२ साली ह्यू बेली यांनी आरंभिलेल्या ओबीएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वक्त्याची छबी, स्लाइडची खिडकी आणि नावाची पट्टी यांचे थर एकावर एक रचून दृश्य सिद्ध होते. स्टुडिओ मोडमध्ये डावीकडे तयारीचे आणि उजवीकडे प्रेक्षकांना दिसणारे दृश्य असते, आणि एकातून दुसऱ्यात विरघळण्यास मूळ रचनेत केवळ ३०० मिलिसेकंद लागतात. अडचण मात्र कीबोर्डाशी येते. ज्या खिडकीवर शेवटचा क्लिक झाला तिच्याकडेच बाणाच्या कळीचा हुकूम जातो. म्हणून दृश्य बदलण्यास ओबीएसवर क्लिक केलेला एकटा वक्ता पुढच्या स्लाइडसाठी कळ दाबतो, आणि जुनी स्लाइड जागची हलत नाही. स्लाइडखाली ओबीएस झाकले जाऊ नये म्हणून कोणी स्लाइडसाठी दुसरा मॉनिटर लावतो, कोणी पॉवरपॉइंटचे सादरीकरण पूर्ण पडद्याऐवजी खिडकीत चालवितो, तर क्लिकची गरजच उरू नये म्हणून कोणी व्याख्यानापूर्वी स्लाइडखालच्या टिपणात दृश्याचे नाव लिहून ठेवतो, म्हणजे ते वाचणारा छोटा प्रोग्रॅम स्लाइड येताच ओबीएसला दृश्य बदलण्याची आज्ञा देतो.

हे टिपण प्रेक्षकांना कधीच दिसत नाही. काचेच्या कोपऱ्यातला तो ठिपका तरी कोठे दिसत होता? ऐन प्रसंगी हात चुकू नये म्हणून आधीच्या निवांत घटकेला कोणीतरी ही खूण करून ठेवतो, आणि शब्दाला चित्र वेळेवर भेटते ते त्या पूर्वतयारीच्या पुण्याईने. कल्याणात काचा रंगवीत बसलेल्या हातांशी आजच्या त्या एकट्या वक्त्याचे हेच नाते आहे.